होम थिएटर आणलं, पण आवाजात मजा नाही? बाजारात जाण्याआधी हे तपासा

दिवाळीच्या आठवड्यात नाशिकहून मावसभावाचा फोन आला. "दादा, पाऊण लाख घातले रे, आणि हिरो काय बोलतोय तेच कळत नाही. गाडी उडाली की मात्र खालचे काका वर येतात." दुकानदाराकडे तक्रार केली, तर त्याने आणखी मोठा सबवूफर (फक्त खालचा, जड आवाज देणारा खोका) सुचवला होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

रविवारी गेलो. सोबत मोजपट्टी, एक पेन्सिल सेल, मल्टिमीटर आणि चार ऑडिओ फाइली टाकलेला पेनड्राइव्ह. संध्याकाळच्या चहापर्यंत सिस्टिम व्यवस्थित वाजत होती आणि खर्च झाला तो फक्त वायरीचा. त्या दिवशी ज्या क्रमाने तपासत गेलो, त्याच क्रमाने खाली लिहितो. हा क्रम आवाजाच्या प्रवासाचा आहे: ॲप किंवा सेट टॉप बॉक्स, मग टीव्ही, मग रिसिव्हर (आवाज उलगडून स्पीकरना ताकद देणारा डबा), वायरी, स्पीकर आणि शेवटी खोली. मधूनच सुरुवात केली की माणूस गोल गोल फिरत बसतो.

सुरू करण्याआधी

एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलल्यावर तोच तुकडा पुन्हा ऐका आणि काय जाणवलं ते वहीत लिहा. व्हॉल्यूमचा आकडाही लिहून ठेवा. दोन आवाजांत जो किंचित मोठा असतो तो कानाला नेहमी 'चांगला' वाटतो, आणि अर्ध्याअधिक चुकीचे निष्कर्ष तिथूनच निघतात.

ऐकायला काय घ्यायचं? स्फोट आणि विमानं घेऊ नका, ती सगळीकडेच भारी वाटतात. मी तीन गोष्टी वापरतो. एक, ओळखीच्या आवाजातलं साधं बोलणं, बातम्या किंवा मुलाखत. दोन, तानपुरा, आणि तोही मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्हीकडे अगदी एकच आवाज. मोबाइलवरच्या तानपुऱ्याच्या ॲपमधून पाच मिनिटं रेकॉर्ड करून घेतला तरी पुरतो. तीन, एकल तबलावादनाचं चांगलं रेकॉर्डिंग. डग्ग्यावर तळहात सरकवून वादक घुमारा वर चढवतो, तो सूर सलग चढायला हवा. तुमच्या खोलीत त्यातला एकच सूर मध्येच फुगत असेल किंवा एखादा गायब होत असेल, तर दोष खोलीचा. एवढी स्वस्त आणि प्रामाणिक बास-चाचणी दुसरी नाही.

मग तक्रारीला नाव द्या. 'आवाज बेकार आहे' यावरून काहीच कळत नाही. शब्द कळत नाहीत? मागचे स्पीकर गप्प आहेत? बास नाहीच, की बास घुमतोय? सतत गुणगुण येते? मोठ्याने लावल्यावर कान किटतात? आवाज ओठांच्या पुढेमागे जातो? या सगळ्यांची मुळं वेगवेगळी आहेत.

पहिली पायरी: मुळात ५.१ येतंय का?

५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, प्रत्येकाला वेगळा आवाज. मावसभावाच्या रिसिव्हरच्या डिस्प्लेवर 'पीसीएम' आणि त्याशेजारी 'ऑल चॅनेल स्टिरिओ' अशी अक्षरं होती. सहा महिने तो त्याच्याकडे बघत होता. अर्थ असा की टीव्हीकडून फक्त डावा-उजवा असे दोनच चॅनेल येत होते आणि रिसिव्हर तेच पाचही स्पीकरमधून ओतत होता. पाचही वाजतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं सराउंड चालू आहे. प्रत्यक्षात संवाद मधल्या स्पीकरमधून येण्याऐवजी मागून-पुढून एकदमच येतो आणि शब्दांचा लगदा होतो.

म्हणून आधी टीव्हीच्या साउंड मेनूत जा. 'डिजिटल ऑडिओ आउटपुट' किंवा तशाच नावाचा पर्याय असतो. तो 'पीसीएम'वर असेल तर 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू'वर आणा. मग ज्याच्यात ५.१ आहे हे नक्की माहीत आहे असा सिनेमा ओटीटीवर लावा. सिनेमाच्या नावाखाली तसा शिक्का असतो. रिसिव्हरच्या डिस्प्लेवर आता डॉल्बी डिजिटल किंवा डॉल्बी डिजिटल प्लस (५.१ आवाज आवळून पाठवायच्या पद्धती) उमटलं पाहिजे.

नाही उमटलं तर केबल बघा. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय सॉकेट असतात, पण आवाज उलट दिशेने रिसिव्हरकडे पाठवणारं एकच, ज्याच्यावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' छापलेलं असतं ते. केबल दुसऱ्या सॉकेटात असेल तर डोकं आपटून उपयोग नाही. टीव्ही आणि रिसिव्हर दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू हवं. प्रत्येक कंपनी त्याला आपापलं नाव देते.

जुना मामला ऑप्टिकल केबलचा असेल तर तिची मर्यादा माहीत असू द्या. तिच्यातून स्टिरिओ पीसीएम जातं, किंवा साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस (डॉल्बीसारखीच दुसरी पद्धत) ५.१ जातं. ओटीटीवाले वापरतात ते डॉल्बी डिजिटल प्लस तिच्यातून जात नाही. टीव्हीने त्याचं साधं डॉल्बी करून दिलं तरच ५.१ मिळतं. एआरसीमधून प्लस जातं, ॲटमॉससकट (डोक्यावरूनही आवाज आणणारा डॉल्बीचा प्रकार). ब्लू-रे वरचं ट्रूएचडी (डॉल्बीचाच काटछाट न केलेला प्रकार) टीव्हीमार्गे न्यायचं असेल तर ईएआरसीच लागतं. पेनड्राइव्हवरच्या सिनेमाचा आवाज डीटीएसमध्ये असेल आणि टीव्ही मुकाट बसला असेल, तर तो टीव्ही डीटीएस उलगडतच नाही. प्लेअर थेट रिसिव्हरला जोडा.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. डीटीएचवरचे बरेचसे चॅनेल आणि यूट्यूबवरचं बहुतेक सगळं स्टिरिओच असतं. जुने मराठी सिनेमे तर मोनोच. तिथे मागचे स्पीकर गप्प असतील तर बिघाड काहीच नाही. रिसिव्हरवर 'डॉल्बी सराउंड' किंवा 'प्रो लॉजिक' नावाचा मोड असतो तो लावा, तो संवाद मधल्या स्पीकरकडे ओढून आणतो. 'ऑल चॅनेल स्टिरिओ' घरातल्या बारशाला गाणी लावायची असतील तेव्हा ठीक.

संवाद बारीक, स्फोट मोठे

ही तक्रार सगळ्यात जास्त येते, म्हणून जरा थांबतो. सिनेमाचा आवाज थिएटरसाठी बांधलेला असतो. तिथल्या प्रमाण पातळीत एकेका चॅनेलचा सरासरी आवाज ८५ डेसिबल धरतात आणि कळसाला तो १०५ पर्यंत जातो. सबवूफरचा खास चॅनेल ११५ पर्यंत. फ्लॅटमध्ये आपण त्यापेक्षा सहज २० डेसिबल कमी लावतो. मग कुजबुजीतलं वाक्य पंख्याच्या आवाजाखाली जातं, ते ऐकायला व्हॉल्यूम वाढवावा तर पुढच्याच क्षणी ट्रक उलटतो.

यावर उपाय रिसिव्हरमध्येच असतो. 'नाइट मोड', 'डायनॅमिक रेंज' किंवा 'लाउडनेस मॅनेजमेंट' अशा नावाने. तो चालू केला की बारीक आवाज वर येतो आणि मोठा खाली दबतो. ऑडिओच्या कट्टर मंडळींना ते पाप वाटतं. रात्री साडेदहाला बाळ शेजारच्या खोलीत झोपलेलं असताना मला वाटत नाही. सोबत सेंटर, म्हणजे मधल्या, स्पीकरची पातळी २-३ डेसिबल वाढवा. सहाने वाढवायची वेळ येत असेल तर मात्र दुखणं दुसरीकडे आहे.

दुसरी पायरी: वायरी

रिसिव्हरच्या मेनूत टेस्ट टोन असतो, एकेका स्पीकरमधून फुसफुस आवाज फिरवणारा. तो लावा, सोफ्यावर बसा, डोळे मिटा आणि आवाज येईल तिकडे बोट दाखवा. दुसऱ्याने पडद्यावरचं नाव वाचायचं. मागचा डावा-उजवा उलट जोडलेला असणं इतकं सर्रास आहे की मी आता आश्चर्य करायचं सोडून दिलंय.

त्यानंतर प्लस-मायनस. प्रत्येक वायरीत दोन पदर असतात. एकावर रेघ, अक्षरं किंवा वेगळा रंग. रिसिव्हरकडे जो पदर लाल टर्मिनलला, तोच स्पीकरकडेही लाललाच हवा. एक स्पीकर उलटा लागला की एकाचा पडदा (आतला थरथरणारा गोल) पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि दोघांचा बास एकमेकाला खाऊन टाकतो. कानाने ओळखायचं तर रिसिव्हर साध्या 'स्टिरिओ'वर घ्या आणि मोनो तानपुरा लावा. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये, हवेत एका जागी तो वाजला पाहिजे. डोक्याच्या आजूबाजूला कुठूनही येतोय, पोकळ वाटतोय, बोट दाखवता येत नाही, असं असेल तर एका स्पीकरचे पदर अदलाबदल करून पुन्हा ऐका.

वायर कन्सील्ड पाइपातून गेली असेल आणि पदर ओळखता येत नसतील तर पेन्सिल सेल काढा. रिसिव्हर बंद करा, त्याच्या मागून त्या स्पीकरच्या वायरी पूर्ण सोडवा, आणि दीड व्होल्टचा सेल त्या टोकांना क्षणभर टेकवा. 'टक्' असा आवाज होईल. त्या क्षणी वूफरचा, म्हणजे स्पीकरमधल्या मोठ्या गोलाचा, पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला टेकलेला पदर प्लस. आत गेला तर उलट. सेल धरून ठेवू नका, टेकवला की उचला. जाळी निघत नसेल तर टॉर्च मारून बघा. ही युक्ती साध्या स्पीकरसाठी आहे, स्वतःचा ॲम्प (आवाजाला ताकद देणारा भाग) असलेल्या सबवूफरसाठी नाही. नाशिकला पुढचा उजवा असाच उलटा निघाला.

टोकं बघा. तांब्याची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली की रिसिव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो. उलटही होतं: वायर पुरेशी सोललेलीच नसते आणि चिमटा प्लास्टिकलाच धरून बसतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत चार-पाच पावसाळे काढलेल्या वायरीचं टोक काळं-हिरवं पडतं. इंचभर कापून टाका, नवं सोला, पीळ देऊन घट्ट बसवा. मागचा एक स्पीकर अधूनमधून वाजतो, त्याचं कारण बहुधा हेच.

वायरीची जाडी. हिशेब सोपा आहे: वायरीचा रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा. १० मीटर लांबीची जोडवायर म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तांबं. ०.५ चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा रोध जवळजवळ ०.७ ओहम, १.५ ची असेल तर ०.२३, २.५ ची असेल तर ०.१४. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला १.५ पुरते, ४ ओहमच्याला त्या अंतरासाठी २.५ घ्या. डब्यासोबत येणारी दोऱ्यासारखी वायर मागच्या स्पीकरपर्यंत लांबवली की आवाज निर्जीव होतो. विकत घेताना एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, त्याचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट. इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी अस्सल तांब्याची वायर उत्तम. हजारो रुपये मीटरच्या 'ऑडिओफाइल' केबलवर माझा विश्वास नाही, आणि त्या विकणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

स्पीकर पूर्ण गप्प असेल तर मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर ६ च्या आसपास दाखवतो, ४ चा सव्वातीन-साडेतीन. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळली किंवा आतलं जोडकाम सुटलं. जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कडा बोटाने हळूच दाबून बघा. भाकरीसारखी तुटून हातात आली तर फरफर आवाज तिचाच. कडा बदलून मिळते, सगळा स्पीकर टाकून द्यायची गरज नाही.

तिसरी पायरी: कुठे ठेवलेत?

सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात, दहा इंच आत. त्याच्यापुढे लग्नाचा फोटो, चांदीचं निरांजन आणि रिमोटचा डबा. हे नाशिकचं दृश्य, पण कुठल्याही गावचं चालेल. कप्प्यात ढकललेला स्पीकर डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. त्याला कप्प्याच्या पुढच्या कडेला आणा, थोडा बाहेर डोकावला तरी चालेल. युनिट बुटकं असेल तर पुढच्या बाजूखाली दोन खोडरबर ठेवून तोंड कानाकडे वर करा. पाच रुपयांत शब्द उमटायला लागतात.

पुढचे दोन आणि तुमची बसायची जागा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा, म्हणजे प्रत्येक स्पीकर समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर. बारीक आवाजाचा छोटा गोल, म्हणजे ट्विटर, बसल्यावर कानाच्या उंचीला यावा. जमिनीपासून तीन-सव्वातीन फूट. मागचे दोन कानाच्या किंचित मागे, १०० ते १२० अंशांत, कानापेक्षा थोडे वर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर ते बाजूच्या भिंतींवर घ्या. छताच्या कोपऱ्यात, कोळ्याच्या जाळ्याशेजारी, तोंड खाली करून टांगलेले स्पीकर मी असंख्य घरांत पाहिलेत. सुतार तिथे खिळा मारणं सोपं म्हणून मारतो, बाकी काही कारण नाही.

चौथी पायरी: रिसिव्हरचे आकडे

सोबत माइक आला असेल तर त्याची आपोआप मोजणी करून घ्या, पण नीट. माइक हातात किंवा सोफ्याच्या पाठीला टेकवून धरू नका. स्टँडवर, कानाच्या उंचीला. पंखा, एसी बंद. स्वयंपाकघरात कुकर नाही ना ते विचारून घ्या. शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून.

मोजणी झाल्यावर आकड्यांवर नजर टाका. रिसिव्हर बऱ्याचदा मध्यम स्पीकरलाही 'लार्ज' ठरवतो आणि सगळा बास त्यांच्याच गळ्यात मारतो. सगळे 'स्मॉल' करा. क्रॉसओव्हर म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा: मध्यम आकाराच्या स्पीकरना ८० हर्ट्झ, तळहाताएवढ्या छोट्यांना १२० किंवा १५०. सबवूफरच्या पाठीवरही क्रॉसओव्हरची खुंटी असते, ती 'एलएफई'वर (सबवूफरच्या खास चॅनेलचं नाव) किंवा पूर्ण वर फिरवा. ती ६० वर आणि रिसिव्हर १२० वर असला तर मधला सगळा पट्टा कुणीच वाजवत नाही, आणि पुरुषी आवाजातलं वजन नेमकं तिथून गळायला लागतं.

माइक नसेल तर स्पीकरपासून सोफ्यापर्यंतची अंतरं मोजपट्टीने मोजून रिसिव्हरमध्ये भरा. एका मिलिसेकंदात आवाज साधारण ३४ सेंटिमीटर जातो, रिसिव्हर त्या हिशेबाने जवळच्या स्पीकरला थांबवून धरतो. मग टेस्ट टोनवर सगळे सारखे ऐकू येतील अशा पातळ्या लावा. मोबाइलवरचं डेसिबल ॲप तुलना करायला पुरतं, त्याचा आकडा मात्र खरा धरू नका.

पाचवी पायरी: सबवूफर आणि रांगणं

बासचं भांडण नेहमी खोलीशी असतं. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये काही ठरावीक सूर अडकतात आणि घुमतात. १७२ ला मीटरमधल्या अंतराने भागा, पहिला सूर मिळतो. मावसभावाचा हॉल १२ बाय १८ फूट, छत साडेनऊ. म्हणजे रुंदीत ४७ हर्ट्झ, लांबीत ३१, उंचीत ५९. यांच्या दुपटी-तिपटींनाही खोली तशीच घुमते, म्हणून ६२ आणि ९४ लाही. या सुरांना काही जागी दुप्पट बास, काही जागी शून्य. कोपऱ्यात सबवूफर ठेवला की हे सगळे सूर एकदम जोर धरतात. त्याने तो कोपऱ्यातच ठेवला होता, 'पायात येत नाही' म्हणून.

उपाय हास्यास्पद आहे आणि लागू पडतो. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. तबला लावा. आता भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत जा, कान जमिनीपासून सबवूफरच्या उंचीला. कुठे घुमारा फुगेल, कुठे नाहीसा होईल. एका जागी डग्ग्याचा सूर खालून वर सलग चढताना ऐकू येईल. सबवूफर तिथे ठेवा. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या जागा बदलल्या तरी मधलं नातं बदलत नाही, म्हणून हे जमतं. मावशी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, चाळिशी झाली ना तुझी?" पण समोरच्या भिंतीवर, कोपऱ्यापासून साधारण साडेतीन फुटांवर जागा सापडली.

सोफ्याकडेही लक्ष द्या. खोलीच्या बरोबर मध्ये बसलात तर लांबीचा पहिला सूर तिथे जवळजवळ मरतो. भिंतीला चिकटून बसलात तर फुगतो. फूट-दीड फूट पुढे ओढता आला तरी फरक पडतो. शेवटी सबवूफरचं फेजचं बटण (त्याच्या पडद्याची पुढे-मागे चाल उलटवणारं) ० आणि १८० वर फिरवून बघा. पुढच्या स्पीकरसोबत वाजताना ज्या बाजूला बास भरीव वाटेल ती बरोबर.

खालच्या काकांसाठी सबवूफरखाली जाड रबरी मॅट टाका. जमिनीतून जाणारी थरथर कमी होते. हवेतून जाणारा बास मॅटने थांबत नाही, त्यासाठी पातळीच कमी करावी लागते.

सहावी पायरी: टाळी वाजवा

हॉलच्या मध्ये उभं राहून एक कडक टाळी वाजवा. मागून 'टिर्रर्र' असं शेपूट आलं तर भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेचं सरकतं दार, पीओपीचं छत, उघड्या भिंती: आपले नवे फ्लॅट असेच असतात. कान किटणं आणि शब्द न कळणं याचं मोठं कारण हे आहे, आणि ते कुठल्याही मेनूतून सुटत नाही.

स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा टाका. काचेवर जाड, चुण्यांचे पडदे. त्यानंतर आरशाची युक्ती: तुम्ही बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात पुढचा स्पीकर दिसेल, तिथून पहिला परावर्तित आवाज कानावर येतो. तिथे तात्पुरती एक जाड गोधडी टांगा आणि तोच संवाद ऐका. फरक पटला तर मग त्या जागी पुस्तकांचं कपाट किंवा तयार पॅनेल लावा. नाही पटला तर गोधडी घडी करून परत ठेवा. अंड्याचे ट्रे चिकटवू नका. ते बासचं काही करत नाहीत, धूळ धरतात आणि पेट घेतात.

गुणगुण आणि ओठ

सिनेमा थांबवल्यावरही 'म्म्म्म' येत असेल तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा सूर आहे. रिसिव्हरच्या मागची एकेक केबल काढत जा. बहुतेक वेळा सेट टॉप बॉक्सची छत्रीकडून किंवा केबलवाल्याकडून येणारी गोल वायर काढली की गुणगुण थांबते. दोन वेगळ्या अर्थिंगमधून प्रवाह फिरतो तो असा. सगळी उपकरणं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या आणि केबलवाल्याला त्या गोल वायरीला आयसोलेटर (अर्थिंगची वाट तोडणारी छोटी जोडणी) लावायला सांगा. लॅपटॉप जोडला असेल तर चार्जर काढून बघा. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ती जीव वाचवते. रिसिव्हरच्या पत्र्याला झिणझिण्या येत असतील तर आवाजाचं राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

आवाज ओठांच्या आधी येतो, तेव्हा टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवत असतो. रिसिव्हरचा 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' १०-१० मिलिसेकंदांनी वाढवा. आवाज मागे पडत असेल तर तो आकडा शून्य करा, आणि ब्लूटूथवर वाजवत असाल तर केबल लावा.

एवढं करूनही?

मग वस्तूच तोकडी असू शकते. डब्यावरचे पीएमपीओ (जाहिरातीपुरता फुगवलेला कमाल आकडा) वॅट विसरा, ते कशाचंच माप नाही. आरएमएस (सलग देता येणारी ताकद) बघा, आणि तेही जपून: वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबल वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. ६० चा ॲम्प काढून ८० चा आणण्यात काही हशील नाही. खरी मर्यादा बहुधा दोन इंची स्पीकरची असते. ते दीड-दोनशे हर्ट्झच्या खाली उतरत नाहीत, सबवूफरला तिथपर्यंत चढावं लागतं, आणि मग नायकाचा आवाज अर्धा टीव्हीतून, अर्धा कोपऱ्यातल्या खोक्यातून येतो. पैसे घालायचेच असतील तर आधी मोठा सेंटर आणि पुढची जोडी घ्या. सबवूफर सगळ्यात शेवटी.

मावसभावाला यातलं काहीच लागलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर तोच सिनेमा लावला, व्हॉल्यूम आधीपेक्षा आठ आकड्यांनी खाली, आणि मावशी सबटायटल न बघता भाजी निवडत ऐकत होती. मागच्या स्पीकरची काढलेली जुनी पातळ वायर तिने ठेवून घेतली. सकाळी निघताना बघितलं तर गॅलरीतल्या कारल्याच्या वेलाला बांधलेली होती.